बोकड घेताना रंगाचे पैसे किती द्यायचे?



"सर, आपल्याकडे अल्पाका पाळता येईल का?" हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. मोबाईलवर कुठेतरी तो गोंडस, लांब मानेचा, कापसाच्या गोळ्यासारखा प्राणी दिसतो. त्याची लोकर महाग विकली जाते हे कळतं आणि डोक्यात हिशोब सुरू होतो. कोहमाऱ्याकडच्या एका होतकरू मित्राने तर त्याच्याही पुढचं विचारलं: पैदाशीसाठी जनावर निवडताना रंग कसा बघायचा आणि लोकर कशी ओळखायची?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपतं. नाही. अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, मुख्यतः पेरू देशातला, साडेतीन-चार हजार मीटर उंचीवरचा थंडीतला प्राणी. आपल्या गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि पावसाळ्यात चार महिने अंग वाळत नाही. शिवाय परदेशातून जिवंत जनावर आणायचं म्हणजे केंद्र सरकारची परवानगी, रोगतपासणी, विलगीकरण असं सगळं आलं. त्यासाठी १८९८ सालापासूनचा कायदा आहे. आणि एवढं करून अल्पाकाची मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. आपली शेळी पाच महिन्यांत विते आणि बऱ्याचदा जुळी देते. विषय संपला.

दुसरा प्रश्न मात्र फार मोलाचा आहे. कारण रंग आणि केस बघून पैदाशीचं जनावर निवडणं हे आपल्याकडेही रोज चालतं. आठवडी बाजारात जा. बोकडाच्या भावाची बोलणी रंगावरून सुरू होतात आणि पुष्कळदा रंगावरच मिटतात. तिथे किती पैसे बरोबर जातात आणि किती पाण्यात, ते आज बघू.

अल्पाकावाले नेमकं काय बघतात?

आधी त्यांची पद्धत समजून घ्या, कारण तिच्यातून आपल्याला एक गोष्ट उचलायची आहे. अल्पाका निवडणारा माणूस लांबून बघून खूश होत नाही. तो जनावराच्या कुशीवर, म्हणजे बरगड्यांच्या मध्यावर, दोन्ही हातांनी लोकर फाकवतो आणि थेट कातडीपर्यंत बघतो. तंतू किती बारीक, सगळे एकसारखे आहेत की मध्ये जाडे राठ केस मिसळलेत, तंतूला बारीक लाटा आहेत का, चमक आहे का, दाटी किती. मग खांद्यावर बघतो, मांडीवर बघतो. तिन्ही ठिकाणी सारखी लोकर असेल तर जनावर चांगलं. मानेपाशी मऊ आणि मांडीवर झाडू, तर बाद.

एवढ्यावरही तो थांबत नाही. चिमूटभर नमुना प्रयोगशाळेत जातो. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अल्पाकाची लोकर ढोबळमानाने १८ ते ३० मायक्रॉनमध्ये येते आणि जितकी बारीक तितका भाव जास्त. आपल्या देशातली पश्मिना लडाखच्या चांगथांगी शेळीची, तिचा तंतू १२ ते १५ मायक्रॉनचा. म्हणून ती शाल तेवढी महाग.

आणि रंग? पेरूत अल्पाकाच्या नैसर्गिक रंगांच्या बावीस छटा मोजतात. तरी गिरण्यांची सगळ्यात जास्त मागणी पांढऱ्याला असते, कारण पांढऱ्यावर कुठलाही रंग चढतो. म्हणजे तिथे रंगाला भाव आहे तो कोणाला तरी तो रंग विकत घ्यायचा आहे म्हणून. डोळ्याला गोड वाटतो म्हणून नव्हे.

हे वाक्य जरा धरून ठेवा.

आपल्याकडे केस कोण विकत घेतं?

आपल्या महाराष्ट्रात लोकरीचं जनावर म्हणजे दख्खनी मेंढी. सोलापूर, सांगली, सातारा, नगर या कोरड्या पट्ट्यातली. हिची लोकर राठ, जाड, आणि वर्षाला एका मेंढीमागे किलोभरही निघत नाही. स्वेटरला ती कामाची नाही, अंगाला टोचते. पण घोंगडीला तीच लागते. आणि घोंगडीला काळी लोकर हवी असते, न रंगवता काळी. बघा गंमत: तिकडे गिरणीवाल्याला पांढरी हवी, इकडे घोंगडी विणणाऱ्याला काळी. वस्तू बदलली की रंगाचा भावही फिरला.

आता पुढची गोष्ट. घोंगडीची मागणी घटली, स्वस्त ब्लँकेटं आली, तशी लोकरीची किंमत कातरणाऱ्याच्या मजुरीलाही पुरेना. मग मेंढपाळांनी काय केलं? पुष्कळांनी माडग्याळ मेंढा कळपात सोडला. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली ही जात: पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं, बाकदार नाक, उंच, आणि लोकर नावालाच. वजन भराभर वाढतं. गिऱ्हाईक लोकरीकडून मटणाकडे गेलं, आणि मेंढपाळाची निवड गिऱ्हाइकामागे गेली. एमबीए केलेल्या माणसालाही हे इतकं लवकर सुचत नाही.

मग कोहमाऱ्यात काय? हा पट्टा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा. वर्षाला १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस. लोकरीची मेंढी इथे भिजून, खूर कुजून हैराण होते. इथलं जनावर म्हणजे शेळी. आणि शेळीचे केस आपल्याकडे कोणी कातरून विकत नाही. तुमचं गिऱ्हाईक मटणवाला आहे. कोहमारा हे नागपूर-रायपूर महामार्गावरचं, गोंदियाचा रस्ता फुटतो तिथलं ठिकाण. साकोली, देवरी, गोंदिया सगळीकडचा व्यापारी तिथून जातो. तो तुमच्या बोकडाला हात कुठे लावतो ते एकदा नीट बघा. कमरेवर आणि मांडीवर. केसांचा रंग कातडीबरोबर निघून जातो, हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

तरीही पैदाशीचा बोकड विकत घेताना आपण रंगासाठी चार-पाच हजार जास्त मोजतो. का?

रंगाला पैसे मिळतात ते दोनच ठिकाणी

पहिलं ठिकाण बकरी ईद. या बाजारात देखणेपणाला खरोखर पैसा आहे. राजस्थानची सोजत जात, पांढरं अंग, गुलाबी कातडी, लांब कान, हिला मागणी येते ती याच बाजारामुळे. धर्माच्या नियमात रंगाची अट नाही. जनावर निरोगी, निर्दोष आणि वर्ष पूर्ण झालेलं असावं, एवढंच. पण हौसेला मोल नसतं आणि गिऱ्हाईक देतं.

इथे उतरायचं असेल तर रंगाआधी कॅलेंडर काढा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. बोकड त्या दिवशी वर्षाचा पाहिजे, त्याआधी पाच महिने गाभणकाळ, वर महिनाभर हाताशी. म्हणजे शेळी फळवायची ती ईदच्या दीड वर्ष आधी. हे गणित न करता पांढरा बोकड आणणाऱ्याची पिल्लं ईदच्या दिवशी नऊ महिन्यांची असतात. मग ती खाटकाच्या भावानेच जातात.

दुसरं ठिकाण नवस आणि जत्रा. काही गावांत नवसाला काळाच बोकड लागतो. तुमच्या आसपास तशी रीत असेल तर काळ्या करडांना चार पैसे जास्त मिळतील. गावात विचारा, अंदाजाने ठरवू नका.

याशिवाय रंगाचा एक उपयोग म्हणजे जातीची ओळख. आपल्या विदर्भाची बेरारी शेळी तांबूस, कोणी फिकी तर कोणी गडद. तोंडाच्या दोन्ही बाजूंना शिंगापासून नाकाकडे पट्टे, आणि पाठीवर काळी रेघ. उस्मानाबादी बहुतेक काळी. सिंधुदुर्गाची कोकण कन्याळ काळी, तोंडावर पांढरे पट्टे. संगमनेरीचा एक रंग सांगताच येत नाही. पण ध्यानात घ्या, रंग म्हणजे जातीचा दाखला नव्हे. काळा प्रत्येक बोकड उस्मानाबादी नसतो. काळ्या बोकडाला उस्मानाबादी म्हणून विकणारा माणूस मात्र प्रत्येक बाजारात असतो.

पांढऱ्याच्या पोटी काळा

समजा तुम्ही ईदचाच बाजार धरलात आणि पांढरा बोकड हवा आहे. मग निदान हे माहीत करून घ्या की रंग पिल्लांत उतरतो कसा.

प्रत्येक करडाला रंगाची एक चिठ्ठी बापाकडून आणि एक आईकडून मिळते. शेळ्यांमध्ये साधारणपणे पांढरा-तांबूस रंग वरचढ आणि काळा दबून राहणारा. म्हणजे पांढऱ्या बोकडाच्या खिशात एक काळी चिठ्ठी लपलेली असू शकते, आणि त्याच्याकडे बघून ती दिसत नाही. तुमच्या शेळ्या काळ्या असतील तर अशा बोकडाची निम्मी पिल्लं काळी निघतील. तुम्ही पैसे दिले पांढऱ्याचे आणि हातात आली अर्धी काळी.

ओळखायचं कसं? बोकड बघू नका, त्याची पिल्लं बघा. काळ्या शेळ्यांपासून झालेली त्याची सात करडं बघितली आणि एकही काळं निघालं नाही, तर चिठ्ठी लपलेली असण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी उरते. नाणं सात वेळा उडवून सातही वेळा छापा यावा, तसलं ते गणित आहे. ठिपके आणि ठिगळं यांची भानगड वेगळी, ती या हिशोबात बसत नाही.

आता एक दिसणारी गोष्ट, जी बघून आपण खूश होतो आणि ती महागात पडू शकते. बिनशिंगी बोकड. शिंगं नाहीत म्हणजे मारामारी नाही, हाताळायला सोपा, म्हणून घ्यावासा वाटतो. पण शेळ्यांमध्ये बिनशिंगीपणाच्या चिठ्ठीला वांझपणाची चिठ्ठी जोडलेली आहे. बिनशिंगी बोकड आणि बिनशिंगी शेळी यांची जोडी लावली तर काही मादी करडं धड नर नाही धड मादी अशी निघतात. ती कधीच विणार नाहीत. जोडीतलं एक तरी जनावर शिंगाचं ठेवायचं, एवढाच उपाय. अल्पाकावाल्यांकडे अगदी असाच नियम रंगाचा आहे: करड्या नराला करडी मादी लावत नाहीत. दोन्हीकडून ती चिठ्ठी मिळालेलं पिल्लू पोटातच जातं.

केस मात्र बघायचेच

इथे अल्पाकावाल्याची नक्कल करायची. लांबून नाही, हाताने. रंगासाठी नाही, तब्येतीसाठी.

बोकडाच्या कुशीवर केस फाकवा. कातडी स्वच्छ, किंचित गुलाबी किंवा काळी, लवचिक दिसली पाहिजे. पाठीवर आणि कानामागे बारीक उवा किंवा लिखा आहेत का बघा. कानाच्या कडा, नाकपुड्या, कोपर इथे खपल्या आणि जाड झालेली कातडी म्हणजे खरूज. असा बोकड फुकट मिळाला तरी घरी आणू नका, आठवड्याभरात गोठा खाजवायला लागेल. केस उभे, राठ, निस्तेज, आणि हात फिरवला की गळतात, तर पोटात जंत किंवा खाण्यात कमतरता. पण थंडी संपताना सगळ्याच जनावरांचे केस गळतात, तेव्हा हंगाम बघून बोला.

काळ्या जनावराचा काळा तांबूस, गंजल्यासारखा झाला असेल, विशेषतः डोळ्यांभोवती, तर तांब्याची कमतरता असू शकते. उन्हानेही काळा रंग विटतो, म्हणून एवढ्यावरून निकाल लावू नका. आणि तांबं आपल्या मनाने पाजू नका. जास्त झालं तर विष आहे, मेंढीला तर फारच लवकर. पशुवैद्यकाला विचारा.

बाजारातला बोकड भलताच तुकतुकीत दिसला तर खिशातला पांढरा रुमाल काढून पाठीवरून दाबून फिरवा. तेल असेल तर रुमाल सांगेल. रंग लावलेला असेल तर तेही सांगेल. विकणारा रागावला तर ते उत्तरच समजा.

उलट एक घाण बघून नवे लोक उगाच नाक मुरडतात. बोकडाची दाढी आणि पुढचे पाय पिवळे, चिकट, उग्र वासाचे. अहो, तो माजात आहे. माजात आलेला बोकड स्वतःच्याच अंगावर मुततो, त्याला तेच अत्तर वाटतं आणि शेळ्यांनाही. पैदाशीच्या बोकडाला हा वास येतो ही चांगली खूण आहे.

आणि रंगच बघायचा असेल तर पापणीच्या आतला बघा! खालची पापणी अंगठ्याने ओढा, उजेडात, सावलीत नाही. लालभडक असेल तर उत्तम. फिका गुलाबी असेल तर सावध. पांढरा पडला असेल तर अंगात रक्तच उरलेलं नाही. आपल्याकडच्या ओल्या, उष्ण हवेत जठरात राहून रक्त पिणारा एक जंत फोफावतो, आणि तळ्याकाठच्या, धानाच्या बांध्यांतल्या गोगलगायींमुळे यकृतातला पर्णकृमीही येतो. दोघेही रक्त आटवतात. दक्षिण आफ्रिकेत त्या रक्तपित्या जंतासाठी पाच रंगांचं एक कार्डच बनवलं आहे, फामाचा नावाचं. फाफा मलान या पशुवैद्यकाच्या नावावरून ते नाव पडलं. लाल म्हणजे एक नंबर, पांढरा म्हणजे पाच. तिथला मेंढपाळ पापणी कार्डाशी ताडतो आणि ज्याला गरज आहे त्यालाच औषध देतो. त्यामुळे औषधाचा खर्च वाचतो आणि जंतही औषधाला सरावत नाहीत.

जनावराच्या अंगावरच्या सगळ्या रंगांत तुमच्या खिशाशी थेट संबंध असलेला रंग हा एकच. बाजारात तो बघणारे मोजकेच.

आता हिशोब मांडू

आकडे मी समजुतीसाठी धरतो आहे, तुम्ही तुमच्या भागातले घाला. वीस शेळ्या, एक बोकड. दोन वर्षांत तीन वेतं, वेताला सरासरी दीड करडू. २० गुणिले ३ गुणिले दीड, झाली ९० करडं. मरतूक आणि घरी ठेवलेल्या पाठी वजा करून ७५ विकली.

बोकड 'अ' देखणा आहे, पाच हजार जास्त सांगतो. बोकड 'ब' चार रंगांचा आहे, पण त्याच कळपात, त्याच चाऱ्यावर वाढलेल्या, त्याच वयाच्या बोकडांपेक्षा पाच किलोने जास्त भरतो. पिल्लं पाच किलोने वाढतील का? नाही. निम्मा वाटा आईचा. आणि वजनातला बराच फरक चाऱ्याचा, दुधाचा असतो, तो रक्तातून उतरत नाही. पाचातलं पाऊण किलो पिल्लापर्यंत पोचलं तरी पुष्कळ. ७५ गुणिले पाऊण, ५६ किलो. जिवंत वजनाला ४०० रुपये धरले तर साडेबावीस हजाराच्या आसपास.

'अ'ची बाजूही मांडू, अन्याय नको. ७५ मध्ये नर निम्मे, ३७. त्यातले ईदच्या दिवशी बरोबर वयाचे, निर्दोष आणि हव्या त्या रंगाचे दहा धरा. प्रत्येकी दीड हजार रंगाचे जास्त मिळाले, पंधरा हजार. त्यातून ते दहा नर चार-पाच महिने जास्त सांभाळल्याचा चारा वजा करा. उरलेल्या ६५ करडांच्या रंगाचे शून्य. म्हणजे ईदचं गिऱ्हाईक ओळखीचं असेल आणि वेळापत्रक पक्कं असेल तर 'अ'ला अर्थ आहे. नसेल तर ते पाच हजार तुमच्या डोळ्यांच्या हौसेचे.

ज्यात फायदा जास्त ते गुण डोळ्यांना दिसतच नाहीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम याचं उत्तम उदाहरण आहे. सुंदरबनातल्या गरोल नावाच्या लहानखुऱ्या मेंढीत जुळी देणारं एक जनुक असतं. १९९० च्या दशकात त्यांनी ते दख्खनी मेंढीत आणायला सुरुवात केली आणि पुढे त्यातून नारी सुवर्णा मेंढी उभी राहिली. ते जनुक मेंढीत आहे की नाही हे ना रंगावरून कळतं ना लोकरीवरून. रक्त तपासावं लागतं.

आपल्याकडे शेळीसाठी रक्त कोण तपासणार? मग त्याच्या जवळचा उपाय: बोकडाची आई बघा. बाजारातल्या बोकडाला आई नसते, म्हणून शक्यतो बाजारातून घेऊच नका. ज्याच्या घरी जन्मला त्याच्या घरी जा. आई किती वेतांची, जुळी किती वेळा दिली, हा बोकड जुळ्यातला आहे का, आईची कास दोन सडांची नीट आहे का. मग बोकडाकडे या. दोन्ही वृषणं सारखी, घट्ट, खाली उतरलेली. चारही पाय सरळ. तोंड उघडून दात बघा: दुदाती म्हणजे वर्ष-दीड वर्षाचा, चौदाती म्हणजे दोनाच्या आसपास. दुदाती घेतलात तर काम पुष्कळ वर्षं मिळतं. मात्र दोन वर्षांनी तो बदलायचा, नाहीतर स्वतःच्याच लेकींवर जाईल.

आणि दूरच्या कोरड्या मुलखातून देखणा बोकड आणण्याआधी पहिला पावसाळा डोळ्यांसमोर आणा. बेरारी इथल्या हवेत मुरलेली आहे.

सौदा झाला की पीपीआरची लस कधी दिली ते विचारून तारीख लिहून घ्या, कानातल्या बिल्ल्याचा नंबर टिपा. घरी आणल्यावर तीन आठवडे कळपापासून लांब बांधा, शेण तपासून घ्या, पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ते होतं. वहीत एक पान बोकडाच्या नावाने उघडा: कोणती शेळी कोणत्या तारखेला फळवली, किती करडं, जन्माचं वजन, तीन महिन्यांचं वजन. रंगाचा रकानाही ठेवा, हरकत नाही. दीड वर्षाने तो रकाना आणि विक्रीच्या भावाचा रकाना शेजारी ठेवून बघा, आणि पुढच्या बोकडाच्या वेळी रंगाला किती द्यायचे ते त्यावरून ठरवा.